पहाटेचं विमान आणि इटलीतली शेवटची रात्र

इटलीची सहल आखताना रोमला किती दिवस, फ्लॉरेन्सला किती, व्हेनिसला एक रात्र की दोन, यावर घरात आठवडाभर खल होतो. शेवटची रात्र मात्र कुणी आखत नाही. ती आपोआप उरते. जिथे सहल संपली तिथे, ज्या हॉटेलात आधीच्या रात्री काढल्या त्याच खोलीत ती जाते. विमान सकाळी साडेसहाचं आहे म्हणजे नेमकं काय, हे आदल्या संध्याकाळी बॅगा भरताना कळतं. परतीचं विमान पहाटेचं असेल, तर आखणीची सुरुवातच या रात्रीपासून करावी, आणि मग मागे येत येत बाकीचे दिवस बसवावेत, असं माझं ठाम मत आहे.

पहाटेची विमानं आपल्या वाट्याला येतात त्याचं कारण साधं आहे. इटलीहून मुंबईला येताना बहुतेकांना वाटेत विमान बदलावं लागतं. दुबई, दोहा, अबुधाबी किंवा इस्तंबूलमार्गे यायचं असेल, तर दुपारची किंवा रात्रीची विमानंही मिळतात. फ्रँकफर्ट, म्युनिक, झुरिकमार्गे येणाऱ्यांचं गणित वेगळं. तिथून भारताकडे येणारी बरीच विमानं दुपारच्या सुमारास सुटतात, आणि ती गाठायची तर इटलीतून सकाळी सहा-सातलाच उड्डाण करावं लागतं. तिकीट काढताना दोन पर्यायांत आठ-दहा हजारांचा फरक दिसला की हात स्वस्त तिकिटाकडे जातो. पण पहाटेच्या विमानाला पहाटेची टॅक्सी लागते, बरेचदा विमानतळाजवळची वेगळी खोली लागते, आणि एक अख्खी संध्याकाळ आखडती घ्यावी लागते. हे सगळं त्या तिकिटात मिळवा आणि मग तुलना करा. बरोबर लहान मुलं किंवा सत्तरीचे आई-बाबा असतील, तर दुपारचं विमान थोडं महाग पडलं तरी मी तेच घेईन.

तिकीट आधीच निघालं असेल, तर कागद घ्या आणि वेळ उलटी मोजा. समजा रोमच्या फ्युमिचिनो विमानतळावरून ६ वाजून ४० मिनिटांचं विमान आहे. बॅगा घेणारं काउंटर साधारण तासभर आधी बंद होतं, म्हणजे ५.४० ला. पहाटे सहा-सातच्या दरम्यान युरोपभरची विमानं एकदम सुटतात, त्यामुळे त्या वेळी रांगा लांब असतात. म्हणून काउंटरपाशी साडेचारला पोहोचावं. रोमच्या मध्यभागापासून फ्युमिचिनो सुमारे ३० किलोमीटर. पहाटे रस्ता मोकळा असतो, तरी टॅक्सीत बसल्यापासून चाळीस मिनिटं धरा. म्हणजे पावणेचारला दाराशी टॅक्सी, आणि घरची मंडळी चार असतील तर उठायचं पावणेतीनला. सहा तास झोप हवी असेल, तर रात्री पावणेनऊला दिवे मालवायला हवेत. उन्हाळ्यात रोममध्ये त्या वेळी नुकता कुठे सूर्य मावळलेला असतो. हा हिशेब एकदा कागदावर पाहिला की ‘शेवटच्या संध्याकाळी मस्त भटकू, रात्री उशिरा जेवू आणि दोन तास लवंडून निघू’ हा बेत आपोआप गळून पडतो. पुढे मुंबईपर्यंत चौदा-पंधरा तासांचा प्रवास असतो, आणि बिनझोपेचा तो फार जड जातो.

इथे अनेक जण ट्रेनवर विसंबतात. रोमच्या तेर्मिनी स्टेशनवरून फ्युमिचिनोला थेट जाणारी लिओनार्दो एक्सप्रेस उत्तम गाडी आहे. मध्ये कुठेही न थांबता ३२ मिनिटांत पोहोचवते, तिकीट १४ युरो. पण पहिली गाडी सुटते पहाटे पाचच्या आसपास. ती साडेपाचच्या सुमारास पोहोचणार, मग स्टेशनपासून टर्मिनलपर्यंत बॅगा ओढत चालायचं, फलक पाहून काउंटर शोधायचं. आपल्या उदाहरणात तोवर काउंटर बंद व्हायला आलेलं असेल. माझा साधा नियम असा की विमान सकाळी साडेसातच्या आधीचं असेल, तर ट्रेनचा विचार सोडून द्यावा. आठनंतरचं असेल, तर ट्रेनसारखं सुख नाही. एफएल-१ ही लोकल गाडी ८ युरोंत जाते, पण ती तेर्मिनीला येत नाही. ती त्रास्तेव्हेरे, ओस्तिएन्से, तिबुर्तिना या स्टेशनांवरून मिळते. स्वस्त आहे म्हणून आधी तेर्मिनीवरून मेट्रोने तिथे जाणं पहाटे जमणारं नाही.

टॅक्सीबद्दल एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. रोमच्या जुन्या ऑरेलियन तटबंदीच्या आतून फ्युमिचिनोला जायचं भाडं महापालिकेने ठरवून दिलेलं आहे. ते ५५ युरो आहे. चार माणसं, त्यांच्या बॅगा आणि रात्रीची वेळ, सगळं त्यातच येतं. चौघांचं ट्रेनचं तिकीट ५६ युरो होतं, म्हणजे कुटुंबासाठी टॅक्सी महाग पडतच नाही. मात्र टॅक्सी रोम महापालिकेची, पांढऱ्या रंगाची आणि अधिकृत असावी, आणि बसण्याआधी ‘फ्युमिचिनो, ठरलेलं भाडं’ एवढं स्पष्ट बोलून घ्यावं. इटलीत मुंबईसारखी रस्त्यात हात दाखवून टॅक्सी थांबवण्याची पद्धत नाही. ती स्टँडवर मिळते, नाही तर फोनवर किंवा ॲपवर मागवायची. पहाटे साडेतीनला स्टँड रिकामा असू शकतो. म्हणून आदल्या दुपारीच हॉटेलच्या रिसेप्शनला सांगून वेळ नोंदवा, आणि रात्री झोपण्याआधी एकदा विचारून घ्या की नोंद झाली ना. टॅक्सीवाल्याने कार्ड स्वीकारणं कायद्याने बंधनकारक आहे. तरी साठ-सत्तर युरो रोख, सुट्या नोटांत, बाजूला ठेवलेले बरे. पहाटे पावणेचारला कार्डाच्या यंत्रावरून वाद घालायला कुणाकडेच वेळ नसतो.

आता रात्र कुठे काढायची, ते पाहू. शहर बदललं की उत्तर बदलतं. रोममध्ये तीन पर्याय आहेत: शहरात राहणं, विमानतळाला लागून असलेल्या हॉटेलात राहणं, किंवा फ्युमिचिनो गावात राहणं. विमानतळाच्या इमारतींना पादचारी मार्गाने जोडलेलं हिल्टन आहे. तिथून चालत काउंटरपर्यंत जाता येतं आणि झोप निदान तासाभराने वाढते. दर चढे असतात, पण पहाटेची टॅक्सी लागत नाही हे विसरू नका. मला स्वतःला तिसरा पर्याय जास्त आवडतो. फ्युमिचिनो हे नुसतं विमानतळाचं नाव नाही, समुद्रकाठचं कोळ्यांचं गाव आहे. तिबेर नदीचा एक कालवा तिथे समुद्राला मिळतो, काठाला मासेमारीच्या बोटी लागलेल्या असतात आणि ताज्या माशांची खाणावळ शोधावी लागत नाही. मासे खाणाऱ्या कोकणी-मालवणी माणसाला इटलीतलं शेवटचं जेवण इथे घ्यायला हरकत नाही. इथल्या छोट्या हॉटेलांपैकी काही पहाटे विमानतळावर सोडायची गाडी देतात. खोली नक्की करतानाच ती किती वाजल्यापासून मिळते, हे लेखी विचारून घ्या. ‘गाडी आहे’ आणि ‘पहाटे चारला गाडी आहे’ यांत फार फरक आहे.

हा पर्याय घेतला, तर शेवटची दुपारही सार्थकी लागते. फ्युमिचिनोपासून थोड्याच अंतरावर ओस्तिया आंतिका आहे, प्राचीन रोमचं बंदर. दोन हजार वर्षांपूर्वीची दुकानं, न्हाणीघरं, नाट्यगृह, बहुमजली घरांच्या भिंती, आणि व्यापाऱ्यांच्या कचेऱ्यांसमोर जहाजं आणि दीपस्तंभ काढलेली काळी-पांढरी मोझेइकची जमीन. कोलोसियमसमोरच्या गर्दीच्या मानाने इथे पाइनच्या सावलीत निवांत फिरता येतं. सोमवारी बंद असतं, एवढं पाहा. सकाळी रोममधून निघून बॅगा फ्युमिचिनोच्या हॉटेलात टाकाव्यात, दुपारी ओस्तिया पाहावं, सहाला परत येऊन जेवावं आणि नऊला झोपावं. पहाटेच्या विमानाआधीचा याहून चांगला दिवस मला सुचत नाही.

मिलानमध्ये आधी तिकिटावरचं विमानतळाचं नाव वाचा, कारण तिथे तीन आहेत. लिनाते शहराला लागून आहे आणि आता एम-४ मेट्रोने जोडलेलं आहे. माल्पेन्सा सुमारे ५० किलोमीटर दूर, आणि भारताकडे येणारी बहुतेक मंडळी तिथूनच निघतात. तिसरं बेर्गामोचं, स्वस्त विमान कंपन्यांचं. माल्पेन्साला जाणारी ट्रेन चांगली आहे, काडोर्ना आणि चेंत्राले या दोन्ही स्टेशनांवरून सुटते आणि सुमारे पाऊण तास घेते. पण पहाटेच्या विमानाला ती पुरत नाही, आणि टॅक्सीचं भाडं शंभर युरोंच्या पुढे जातं. म्हणून मिलानच्या बाबतीत माझा सल्ला रोमपेक्षाही स्पष्ट आहे: विमान सातच्या आधीचं असेल, तर शेवटची रात्र माल्पेन्सापाशीच काढा. टर्मिनल १ ला जोडून शेरेटन आहे, आणि आजूबाजूच्या गावांतून साधी हॉटेलं भरपूर आहेत. टर्मिनल १ आणि २ एकमेकांपासून दूर आहेत, तेव्हा हॉटेलच्या गाडीला टर्मिनलचा आकडा सांगायला विसरू नका. मिलानमध्ये शिकणाऱ्या मुलामुलींच्या पदवीदानाला हल्ली महाराष्ट्रातून बरेच पालक जातात. परत निघताना मुलांच्या भाड्याच्या खोलीत शेवटची रात्र काढायचा आग्रह होतो. तो मोह समजण्यासारखा आहे. पण निरोप आदल्या संध्याकाळी शहरात घ्यावा आणि पालकांनी माल्पेन्सापाशी येऊन झोपावं. मुलांनीच आई-बाबांना तिथपर्यंत सोडायला यावं, म्हणजे संध्याकाळही एकत्र जाते.

व्हेनिसचं कोडं वेगळंच. मार्को पोलो विमानतळ मुख्य भूमीवर आहे आणि जुनं व्हेनिस बेटांवर. गाड्या पियात्साले रोमापर्यंत येतात. त्याच्या पुढे पायी किंवा बोटीने. पुलांना पायऱ्या असतात, आणि तेवीस किलोची बॅग अंधारात अशा चार-पाच पुलांवरून चढवून उतरवणं हा पहाटे करायचा उद्योग नव्हे. अलिलागुनाची प्रवासी बोट विमानतळापर्यंत तासाहून जास्त वेळ घेते. खासगी जलटॅक्सीचं भाडं शंभर युरोंच्या वर असतं. पियात्साले रोमावरून बस मात्र वीस-पंचवीस मिनिटांत पोहोचवते. म्हणून बॅगा दुपारीच मुख्य भूमीवरच्या मेस्त्रेला किंवा पियात्साले रोमाजवळच्या हॉटेलात नेऊन ठेवा. मग हात हलवत परत सान मार्को चौकात जा. संध्याकाळी दिवसभराचे पर्यटक निघून गेले की तो चौक खऱ्या अर्थाने दिसतो. आठ-साडेआठला परतलात तरी काही बिघडत नाही.

फ्लॉरेन्सवरूनच विमान असेल, तर नशीबवान समजा. विमानतळ शहराला लागून आहे, २०१९ पासून ट्राम थेट जाते, वीसेक मिनिटं लागतात. रात्र खुशाल गावातच काढा. फक्त एक ध्यानात असू द्या. तिथली धावपट्टी आखूड आणि शेजारी डोंगर, त्यामुळे वारा किंवा धुकं असलं की विमानं पिसा किंवा बोलोन्याकडे वळवली जातात. पुढचं विमान गाठायला तीन तास हाताशी असतील, तरच ते तिकीट घ्या.

आणि जे अमाल्फीच्या किनाऱ्यावर, सोरेन्तोला किंवा तोस्कानाच्या एखाद्या खेड्यात सहल संपवतात, त्यांनी आदल्या दिवशी दुपारपर्यंत विमानतळाच्या शहरात पोहोचायलाच हवं. पोझितानोचा तो अरुंद, वळणावळणांचा रस्ता उन्हाळ्यात कधी तुंबेल याचा नेम नसतो. भाड्याची मोटार असेल, तर तीही आदल्या संध्याकाळी, कंपनीचा माणूस हजर असताना परत करा आणि टाकी भरल्याची व गाडी ठीक असल्याची पावती घ्या. पहाटे बंद काउंटरसमोरच्या पेटीत किल्ली टाकून जाता येतं, पण मग नंतर आलेल्या ओरखड्याबद्दल बोलायला तुमच्या हातात काही उरत नाही. परतीच्या घाईत नकाशा पाहून फ्लॉरेन्स-रोमच्या जुन्या भागात गाडी घालू नका. तिथे मर्यादित वाहतुकीची क्षेत्रं आहेत, कॅमेरे नंबर टिपतात आणि दंडाची नोटीस महिन्यांनंतर घरी येते.

आता हॉटेलातली शेवटची संध्याकाळ. मोठ्या हॉटेलात रिसेप्शन रात्रभर चालू असतं, पण हल्ली आपण बरेचदा जुन्या इमारतीतल्या चार खोल्यांच्या बी अँड बीमध्ये किंवा भाड्याच्या फ्लॅटमध्ये उतरतो. तिथे रात्री आठनंतर कुणी नसतं. म्हणून तीन गोष्टी उजेडी करून ठेवा. पहिली, हिशेब. इटलीत शहरात राहण्याचा कर वेगळा भरावा लागतो, रोममध्ये तीन ताऱ्यांच्या हॉटेलात माणशी रात्रीला ६ युरो. काही ठिकाणी तो रोखच मागतात. तो संध्याकाळीच भरून पावती घ्या, उरलेली नाणीही त्यात संपवा, कारण भारतात नाणी कुणी बदलून देत नाही. दुसरी, पासपोर्ट. नोंदणीसाठी दिलेला असेल तर परत घेतला का, तिजोरीत ठेवला असेल तर काढला का, हे झोपायच्या आधी पाहा.

तिसरी गोष्ट दाराची, आणि तिच्याबद्दल सहसा कुणी आधी सांगत नाही. रोममधल्या जुन्या इमारतींना खाली एक प्रचंड लाकडी दरवाजा असतो. तो आतून उघडायला भिंतीवर एक लहानसं बटण असतं, जिन्यातल्या दिव्याच्या बटणासारखंच दिसणारं. अंधारात ते सापडत नाही. काही इमारतींत रात्री तो दरवाजा आतूनही किल्लीनेच उघडतो. आता कल्पना करा: मालकाने सांगितल्याप्रमाणे तुम्ही किल्ली खोलीत टेबलावर ठेवली, मागे दार ओढलं, ते आपोआप कुलूपबंद झालं, आणि खाली आलात तर मोठा दरवाजा उघडत नाही. बाहेर टॅक्सी उभी, आत तुम्ही. म्हणून संध्याकाळी एकाने खाली जाऊन दरवाजा आतून उघडून पाहावा, आणि किल्ली आत ठेवायची वेळ आलीच तर आधी एकाने सगळ्या बॅगांसह खाली जाऊन दार उघडून धरावं, मग दुसऱ्याने किल्ली ठेवून यावं. लिफ्टही अशीच तपासा. ती पिंजऱ्यासारखी, जुनी, दोन पल्ल्यांची असते. एक माणूस आणि एक बॅग एवढीच मावते. आतलं दार नीट लावलं नाही तर ती हलत नाही. चार बॅगा असतील तर चार फेऱ्या, म्हणजे दहा मिनिटं. ती वेळ हिशेबात धरा. बाहेर फरसबंद दगडांचा रस्ता असतो, त्यावर बॅगेची चाकं फार मोठ्याने वाजतात आणि लहान चाकं निखळतातही. टॅक्सी अगदी दाराशी बोलवा, कोपऱ्यावर नको.

जेवणाचं वेळापत्रक आपल्या सोयीचं नाही. रोममधल्या चांगल्या खाणावळी रात्रीसाठी साडेसातच्या आधी क्वचितच उघडतात, आणि आपल्याला तर नऊला झोपायचंय. यावर उपाय म्हणजे शेवटच्या दिवशी दुपारचं जेवण हेच मोठं जेवण मानावं. एक ते अडीचच्या दरम्यान ऐसपैस बसा, जे खायचं राहिलं असेल ते मागवा. संध्याकाळी साडेसहाला वजनावर विकला जाणारा कापीव पिझ्झा पुरेसा होतो. त्याला पिझ्झा आल ताल्यो म्हणतात. लांब आयताकृती ताटांतून पिझ्झा मांडलेला असतो, आपण बोटाने रुंदी दाखवायची, दुकानदार कात्रीने तेवढा कापून, वजन करून, गरम करून कागदात देतो. शाकाहारी मंडळींनी दोन गोष्टी पाहाव्यात. भोपळ्याच्या फुलांचा पिझ्झा दिसायला निर्दोष असतो, पण त्यात बहुधा खारवलेले मासे असतात. आणि सुप्ली नावाचा तळलेला भाताचा गोळा पारंपरिक पद्धतीने खिम्याच्या रश्श्यात केलेला असतो. बटाटा-रोझमेरीचा पिझ्झा किंवा चीज नसलेला मारिनारा निवडा. बऱ्याच इटालियन चीजमध्ये प्राणिज रेनेट असतं म्हणून ते टाळणाऱ्यांनाही मारिनारा चालतो. कॉफी चारनंतर नको. पहाटे कॅफे उघडलेले नसतात, तेव्हा हॉटेलला आदल्या दिवशी सांगून नाश्ता बांधून मागा, नाही तर पुण्याहून नेलेल्या चिवड्याची आणि खाकऱ्याची शेवटची पुडी या सकाळसाठीच राखून ठेवा.

बॅगा जेवणाआधी भरून, वजन करून, कुलूप लावून दाराशी उभ्या करा. ऑलिव्ह तेल, बाल्सामिक, पेस्तो, लिमोन्चेल्लो हे सगळं मोठ्या बॅगेत जाऊ द्या. काही इटालियन विमानतळांवर नव्या यंत्रांमुळे द्रवांच्या नियमात सवलत मिळू लागली आहे, पण विमान बदलताना पुढच्या विमानतळावर १०० मिलिलिटरचा नियम लागू असला तर बाटली तिथे जाते. तेल काचेच्या बाटलीऐवजी पत्र्याच्या डब्यातलं घ्या. पार्मेजान दुकानदाराकडून हवाबंद करून घ्या, ‘सोत्तोवुओतो’ एवढा एकच शब्द त्यासाठी पुरे. मद्य भारतात माणशी दोन लिटरपर्यंतच करमुक्त आणता येतं. चार्जर भिंतीत राहतो. इटलीतली सॉकेटं पलंगामागे, टेबलाखाली लपलेली असतात, म्हणून झोपताना फक्त एकच चार्जर बाहेर ठेवा आणि बूट त्याच्याजवळ ठेवा.

दुकानातून एका वेळी ७० युरोंच्या वर खरेदी केली असेल आणि करपरताव्याची पावती घेतली असेल, तर त्या वस्तू आणि पावत्या हाताशी ठेवा. बॅग थेट मुंबईपर्यंत जाणार असेल, तर ती काउंटरवर देण्याआधी कस्टम्सची मंजुरी घ्यायची असते. पहाटे यासाठी जास्तीचा अर्धा तास धरा, किंवा सोयीचं असेल तर आदल्या दिवशी शहरातल्या परतावा केंद्रात चौकशी करा. फार थोड्या रकमेसाठी मात्र पहाटेची झोप घालवू नये. पासपोर्ट तपासणी कुठे होणार, हेही माहीत असावं. फ्रँकफर्ट-झुरिकमार्गे जाणाऱ्यांची ती तिथे होते, आखाती देश किंवा इस्तंबूलमार्गे जाणाऱ्यांची इटलीतच. ऑक्टोबर २०२५ पासून युरोपने शिक्क्यांऐवजी बोटांचे ठसे आणि चेहरा नोंदवण्याची पद्धत सुरू केली आहे. त्यामुळे रांगेला वेळ लागू शकतो.

दोन गोष्टी आपल्या भारतीय मनाला सुचतच नाहीत. पहिली म्हणजे घड्याळ. मार्चच्या शेवटच्या रविवारी पहाटे दोन वाजता युरोपातली घड्याळं तीनवर जातात. त्या रविवारी पहाटे विमान असेल, तर तुमची झोप एका तासाने कमी होते. मोबाइल आपोआप बदलतो, मनगटी घड्याळ बदलत नाही. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तास परत मिळतो. दुसरी गोष्ट म्हणजे संप. इटलीत वाहतुकीचे संप आधी जाहीर करावे लागतात आणि परिवहन मंत्रालयाच्या संकेतस्थळावर त्यांची यादी असते. ‘शोपेरो’ हा शब्द शोधा. संपाच्या दिवशीही काही सेवा चालू ठेवाव्या लागतात: कामाच्या दिवशी लोकल गाड्या सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९, विमानं सकाळी ७ ते १० आणि संध्याकाळी ६ ते ९. आपलं साडेसहाचं विमान आणि पाचची ट्रेन दोन्ही या वेळांच्या बाहेर पडतात, हे नीट पाहा. २७ जुलै ते ५ सप्टेंबर या काळात हवाई वाहतुकीत संप करता येत नाही. बाकी वर्षभर, निघायच्या आठवडाभर आधी आणि पुन्हा दोन दिवस आधी यादी पाहून ठेवा. संप दिसला, तर विमान कंपनीला लगेच गाठा. तिकीट बदलून देण्याची शक्यता आधी विचारणाऱ्याला जास्त असते. युरोपातून सुटणारं विमान रद्द झालं, तर दुसऱ्या विमानाने पोहोचवण्याची किंवा पैसे परत करण्याची जबाबदारी कंपनीची आहे, कंपनी कुठल्याही देशाची असो. मात्र दोन टप्प्यांची तिकिटं वेगवेगळी काढली असतील, तर दुसऱ्या टप्प्याला हे संरक्षण नाही. घरी परतताना अशी वेगवेगळी तिकिटं कधीच काढू नयेत.

आई-बाबा किंवा सासू-सासरे बरोबर असतील, तर व्हीलचेअरची मागणी तिकीट काढतानाच नोंदवा, निदान ४८ तास आधी तरी. युरोपीय कायद्यानुसार ही मदत मोफत आहे, आणि ती चालता न येणाऱ्यांपुरतीच नाही. विमानतळावरची लांबलचक अंतरं ज्यांना झेपत नाहीत, त्या सगळ्यांसाठी आहे. पहाटे तीनला उठलेल्या माणसाला फ्रँकफर्टच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालायला लावू नका. बाबांना संकोच वाटेल, ‘मला काय झालंय’ म्हणतील. त्यांना घरीच, निघण्याच्या आधी समजावून सांगा.